लिव्हिंग विल: शुद्ध हरपल्यावरही रुग्णाचा शब्द कसा टिकला

भीष्माला वर मिळाला होता तो इच्छामरणाचा. सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेला हक्क तसा नाही, तरी आपल्याकडे बातम्यांच्या मथळ्यांत शब्द तोच येतो आणि तिथूनच सगळा घोटाळा सुरू होतो. मरण मागण्याचा हक्क भारतात कुणालाही नाही. इंजेक्शन देऊन रुग्णाचा जीव घेणं हा आजही गुन्हाच आहे, मग रुग्णाने हात जोडून विनवलेलं असो. मिळालेला हक्क वेगळा आहे: माझ्यावर उपचार कुठवर करायचे आणि कुठे थांबायचं हे मी आधी सांगून ठेवू शकतो, आणि माझी शुद्ध गेल्यावरही ते पाळलं गेलं पाहिजे. हे लिहून ठेवलेला कागद म्हणजे लिव्हिंग विल.

शुद्धीवर असलेल्या माणसाचं 'नको' ऐकलं जातंच. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध नाकारलं. डॉक्टरांनी विनवलं, खुद्द इंदिरा गांधी भेटून गेल्या. १५ नोव्हेंबरला विनोबा गेले. त्यांच्यावर कुणी बळजबरी केली नाही, कारण ते स्वतः नकार देत होते. खरा पेच आहे तो तोंडात नळी घातलेल्या, बोलूच न शकणाऱ्या रुग्णाचा. त्याच्या वतीने कोण बोलणार?

हा प्रश्न मुंबईत तेव्हाच विचारला जात होता. १९८१ मध्ये मिनू मसानी यांनी इथे सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली. १९८५ मध्ये प्रा. सदानंद वर्दे यांनी विधान परिषदेत या विषयावर खासगी विधेयक मांडलं. त्याचा कायदा झाला नाही, पण कृत्रिम उपचार थांबवणाऱ्या डॉक्टरला संरक्षण हवं, ही गोष्ट महाराष्ट्राच्या विधिमंडळात त्या काळी बोलली गेली, हे विसरायला नको.

न्यायालयात मात्र हा विषय आत्महत्येच्या वाटेने शिरला. महापालिका आयुक्तांच्या कार्यालयाबाहेर स्वतःला पेटवून घेऊ पाहणाऱ्या, मानसिक आजाराने ग्रासलेल्या एका पोलीस शिपायावर कलम ३०९ खाली, म्हणजे आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल, खटला भरला गेला. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. पी. बी. सावंत आणि न्या. कोळसे पाटील यांनी ते कलमच घटनाबाह्य ठरवलं. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. पण १९९६ मध्ये 'ग्यान कौर' खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती फिरवली: जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही. त्याच निकालात एक फट मात्र उघडी राहिली. नैसर्गिक आयुष्य संपतच आलं असेल, तर सन्मानाने मरणं हा सन्मानाने जगण्याचाच भाग ठरू शकतो, असं पीठाने लिहून ठेवलं. पुढचं सगळं त्या वाक्यावर उभं राहिलं.

मग अरुणा शानबाग. परळच्या केईएम रुग्णालयातली पंचविशीची परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळून तिच्यावर अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला आणि ती कायमची निपचित झाली. हल्लेखोराला खुनाचा प्रयत्न आणि चोरी यासाठी सात वर्षांची शिक्षा झाली. लैंगिक अत्याचाराचा गुन्हा त्याच्यावर लागलाच नाही. अरुणा मात्र जवळपास ४२ वर्षं त्याच रुग्णालयात राहिली. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, प्रत्येक पिढीने तिला भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. इतक्या वर्षांत तिच्या पाठीला जखम होऊ दिली नाही, हे त्या अभिमानाने सांगत, आणि तो अभिमान सार्थ होता.

२००९ मध्ये लेखिका पिंकी विराणी यांनी तिचं अन्न थांबवावं म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. न्यायालयाने मुंबईतल्या तीन डॉक्टरांना तिला तपासायला पाठवलं. परिचारिकांचा अर्जाला ठाम विरोध होता. ७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ग्यान सुधा मिश्रा यांनी अर्ज फेटाळला. तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार तिला सांभाळणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असं ते म्हणाले. पण त्याच निकालाने तत्त्व मान्य केलं: ठरावीक परिस्थितीत जीवरक्षक उपचार थांबवता येतील, फक्त उच्च न्यायालयाची परवानगी हवी. अरुणा १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेली. तिला काय हवं होतं हे कुणालाच कधी कळलं नाही. मला या साऱ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत जास्त टोचते. जिचं नाव या हक्काशी कायमचं जोडलं गेलं, तिलाच तो कधी वापरता आला नाही.

उच्च न्यायालयाची अट कागदावर ठीक होती. पण गडचिरोलीच्या शेतकऱ्याने व्हेंटिलेटरवरच्या आईसाठी नागपूरला जाऊन वकील कधी लावायचा? लोकांनी आपली जुनीच वाट धरली: 'आमच्या जबाबदारीवर घरी नेतो' असं लिहून सही करायची आणि रुग्णाला घेऊन जायचं. तोंडात गंगाजळ आणि तुळशीपत्र घालायला घर तरी मिळतं. पण वेदनाशामक औषध मिळत नाही, दम लागला तर जवळ कुणी जाणकार नसतो. कायद्याच्या भीतीने कित्येक मरणं अशी विनाउपचार झाली.

सरकारही मागेच राहिलं. २००६ मध्ये विधी आयोगाने उपचार थांबवण्यासाठी कायदा सुचवला, २०१६ मध्ये केंद्राने मसुदा लोकांपुढे ठेवला. दोन्हींत रुग्णाने आधी लिहून ठेवलेला कागद मात्र ग्राह्य धरायचा नाही, अशीच तरतूद होती.

तो कागद ग्राह्य धरावा म्हणून 'कॉमन कॉज' संस्था २००५ मध्येच सर्वोच्च न्यायालयात गेली होती. ९ मार्च २०१८ रोजी सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्या पाच जणांच्या घटनापीठाने ५३८ पानांचा एकमताचा निकाल दिला. सन्मानाने मरणं हा राज्यघटनेच्या कलम २१ खालचा, म्हणजे जगण्याच्या हक्कातलाच, मूलभूत हक्क ठरला, लिव्हिंग विल कायदेशीर झालं.

पण अंमलबजावणीची पद्धत अशी घातली की डॉक्टरांनी हात टेकले. कागदावर दोन साक्षीदारांपुढे सही करायची, वर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही घ्यायची. उपचार थांबवायची वेळ आली की ते ठरवायला वीस वर्षं अनुभवाच्या तज्ज्ञांचं मंडळ, मग जिल्हाधिकाऱ्यांमार्फत दुसरं मंडळ, आणि शेवटी न्यायदंडाधिकाऱ्याने स्वतः येऊन रुग्णाला पाहायचं. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांची संघटनाच २०१९ मध्ये ही अडचण घेऊन न्यायालयात गेली. २४ जानेवारी २०२३ रोजी न्या. के. एम. जोसेफ यांच्या घटनापीठाने गाठी सोडवल्या. आता सही नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे चालते. तज्ज्ञांचा अनुभव पाच वर्षांचा पुरतो, आणि दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं. दुसऱ्या मंडळावर मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर लागतो. दंडाधिकाऱ्याला कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. मंडळांत मतभेद झाला तर उच्च न्यायालय आहेच. ज्याने काही लिहून ठेवलेलं नाही, त्याच्यासाठीही घरच्यांच्या संमतीने हीच वाट खुली आहे.

उरला प्रश्न तो कागद ठेवायचा कुठे. निकालानुसार त्याची प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जायला हवी. गोव्याने २०२४ मध्ये ही व्यवस्था देशात सर्वांत आधी उभी केली, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्या. महेश सोनक यांनी स्वतःचा कागद तिथे नोंदवला. मुंबईत स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी आपलं लिव्हिंग विल केलं, पण ते स्वीकारणारा अधिकारीच सापडेना. ते जनहित याचिका घेऊन उच्च न्यायालयात गेले, आणि त्यानंतर महापालिकेने वॉर्डनिहाय अधिकारी नेमले. संसदेने मात्र अजून या विषयावर कायदा केलेला नाही, त्यामुळे २०१८ आणि २०२३ चे निकालच कायद्याची जागा चालवत आहेत.