ठोसा आणि तोल (मुष्टियुद्ध)

मुष्टियुद्धात ठोसा लागतो मुठीने, पण त्याची सुरुवात पायाखालच्या जमिनीपासून होते. मागच्या पायाचा चवडा जमिनीला रेटा देतो, तो रेटा गुडघ्यातून खुब्याकडे चढतो, कंबर वळते, तिच्यामागून खांदा येतो आणि सर्वांत शेवटी कोपर सरळ होऊन मूठ पोचते. मधला एखादा दुवा निसटला की उरतो तो नुसता दंडाचा जोर. सोव्हिएत संशोधकांच्या १९८५ सालच्या एका अभ्यासात कसलेल्या खेळाडूंच्या सरळ ठोशात पायांच्या रेट्याचा वाटा सुमारे ३८ टक्के, तर नवख्यांच्या ठोशात जेमतेम १६–१७ टक्के आढळला. हाताचा वाटा नेमका उलट : नवख्यांत सुमारे ३८ टक्के, कसलेल्यांत २४. ज्याचे पाय डळमळीत त्याचा ठोसा पोकळ असतो, तो यामुळे. तोल ही ठोशाला दिलेली वेगळी जोड नव्हे, ठोसा तोलातूनच निघतो.

पवित्रा : उजव्या हाताने जोरदार मारणारा खेळाडू डावा पाय पुढे ठेवतो. या पवित्र्याला ‘ऑर्थोडॉक्स’ म्हणतात; डावखुऱ्याचा उलटा पवित्रा तो ‘साउथपॉ’. दोन्ही पाय एकाच रेषेत आले तर बाजूने बसलेला साधा धक्काही पाडतो. शेजारी-शेजारी ठेवले तर समोरच्या ठोशाने माणूस मागे कोलमडतो. म्हणून ते तिरके, खांद्यांइतक्या किंवा किंचित जास्त अंतरावर ठेवतात. मागची टाच थोडी उचललेली, गुडघे सैल, हनुवटी खाली, कोपरे बरगड्यांजवळ आणि दोन्ही मुठी चेहऱ्याशी. पुढे सरकताना पुढचा पाय आधी उचलायचा, मागे येताना मागचा, आणि दुसऱ्या पायाने तेवढेच अंतर भरून काढायचे. पाय एकमेकांना ओलांडत नाहीत. पाय ओलांडलेल्या क्षणी बसलेला हलका ठोसाही खेळाडूला खाली बसवतो.

मूठ : अंगठा मुठीच्या बाहेर, तर्जनी आणि मधल्या बोटावर आडवा असतो. आघात याच दोन बोटांच्या मुळाशी असलेल्या गाठींवर घ्यायचा आणि मनगट हाताच्या रेषेत ताठ ठेवायचे. करंगळीच्या बाजूने ठोसा बसला तर तळहातातील त्या बाजूचे हाड मोडते. ही दुखापत इतकी नेहमीची आहे, की वैद्यकात ती ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ म्हणूनच ओळखली जाते. ग्लव्हजखाली हाताला पट्टी बांधतात ती या हाडांच्या आणि मनगटाच्या रक्षणासाठी. मूठ शेवटच्या क्षणीच आवळायची असते. सुरुवातीपासून आवळली तर खांदा आखडतो आणि ठोसा मंदावतो.

ठोशाचा परतीचा प्रवास : जॅब म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा. तो ज्या रेषेने जातो त्याच रेषेने हात परत हनुवटीशी आला पाहिजे. हे न झाल्यास काय होते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९ जून १९३६ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर घडले. तोवर अजिंक्य असलेला अमेरिकन मुष्टियोद्धा जो लुई जॅब मारल्यावर डावा हात खाली सोडतो, हे जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने त्याच्या लढतींच्या फिती पाहून हेरले होते. तो हात खाली येण्याची वाट पाहून उघड्या पडलेल्या जबड्यावर तो उजवा ठोसा मारत राहिला. चौथ्या फेरीत लुई कोसळला आणि बाराव्या फेरीत बाद झाला. २२ जून १९३८ रोजी त्याच मैदानावर लुईने श्मेलिंगला १२४ सेकंदांत संपवले. लुईचे ठोसे फारच थोडे अंतर कापत, पाय जमिनीलगत छोट्या पावलांनी सरकत. तंत्र शिकणाऱ्याने आजही त्याचे चित्रण वारंवार पाहावे.

उजवा सरळ ठोसा, म्हणजे क्रॉस, मारताना मागचा पाय चवड्यावर वळतो आणि टाच बाहेर फिरते. उजवा खांदा पुढे येऊन हनुवटी झाकतो, डावी मूठ गालाशीच राहते. येथे होणारी मोठी चूक म्हणजे डोके पुढच्या गुडघ्याच्याही पुढे नेणे. लांबून मारण्याच्या मोहात वजन सगळे पुढच्या पायावर जाते, ठोसा हुकला तर शरीर मागे घेता येत नाही, आणि समोरून आलेल्या ठोशाच्या जोरात स्वतःच्या झेपेचा वेग मिळतो. ८ डिसेंबर २०१२ रोजी लास व्हेगासमध्ये सहाव्या फेरीच्या अगदी अखेरीस फिलिपीन्सचा मॅनी पॅकियाओ असाच पुढे झेपावला आणि मेक्सिकोच्या हुआन मॅन्युएल मार्केझच्या आखूड उजव्या ठोशाने जागीच बेशुद्ध झाला.

मात्र वजन पुढे टाकणे सर्वस्वी चूक नाही. अमेरिकन मुष्टियोद्धा जॅक डेम्प्सी पुढचा पाय उचलून शरीराला क्षणभर पुढे पडू देई आणि ते पाऊल टेकण्याआधी ठोसा पोचवी. ही रीत त्याने १९५०च्या आपल्या पुस्तकात बारकाईने सांगितली आहे. सुमारे ८५ किलोच्या डेम्प्सीने ४ जुलै १९१९ रोजी टोलेडो येथे १११ किलोच्या तत्कालीन जगज्जेत्या जेस विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडले. फरक आहे तो पडणे ताब्यात असण्याचा : पाऊल नेमके कोठे टेकणार, हे डेम्प्सीला ठाऊक असे.

हुक हा वाकवलेल्या कोपराचा, बाजूने येणारा ठोसा. त्यात हात फिरवायचा नसतो, कंबर फिरली की हात आपोआप येतो. अपरकट म्हणजे खालून वर जाणाऱ्या ठोशाला बळ गुडघ्यांतून मिळते. त्यासाठी मूठ मांडीपर्यंत खाली नेली तर चेहरा उघडा पडतो.

सराव : पंचिंग बॅगवर जोर वाढतो, पण ती फसवीही आहे. झुकलेल्या खेळाडूला ती टेकू देते, त्यामुळे बिघडलेला तोल लक्षातच येत नाही. म्हणून शॅडो, म्हणजे हवेत मारण्याचा सराव, आवश्यक ठरतो. तेथे प्रत्येक ठोसा हुकलेलाच असतो, आणि त्यानंतर पाय जागेवर, हात चेहऱ्याशी व पुढचा ठोसा तयार आहे का, हे प्रशिक्षकाला स्पष्ट दिसते. चांगला प्रशिक्षक आठवडेच्या आठवडे फक्त पावले आणि जॅब करून घेतो. मुलांना ते कंटाळवाणे वाटते, पण या टप्प्यात घाई केलेली सवय पुढे मोडणे फार जड जाते.