न आलेल्या पुराचा हिशेब

कॅनडातील विनिपेग शहराला पूर्वेकडून वळसा घालून जाणारा ४७ किलोमीटर लांबीचा एक चर आहे. वर्षातले बहुतेक दिवस त्यात म्हणण्यासारखे पाणी नसते. उतरत्या काठांवर गवत वाढलेले असते आणि वरून पूल गेलेले असतात. नवख्या माणसाला वाटावे, एवढी जमीन कुणी उगाच का खणून ठेवली? १९६० च्या दशकात तिथल्या कित्येकांनाही हाच प्रश्न पडला होता. १९५० च्या पुरात रेड नदीमुळे सुमारे एक लाख लोकांना घर सोडावे लागले होते, हे खरे. पण पूर ओसरला, घरे सुकली, आणि ६ कोटी ३० लाख डॉलर खर्चून कोरडा चर खणण्याची कल्पना लोकांना चैनीची वाटू लागली. मॅनिटोबा प्रांताचे प्रीमियर (तिथले मुख्यमंत्रीच म्हणा) डफ रॉब्लिन यांनी तो नेटाने खणून घेतला. विरोधकांनी त्याचे नाव ठेवले 'डफचा चर'. काही जण 'डफचे खूळ' म्हणत. काम १९६८ मध्ये पुरे झाले.

१९९७ च्या वसंतात रेड नदी पुन्हा फुगली. ही नदी दक्षिणेकडून उत्तरेला वाहते, त्यामुळे आधी बुडाले ते सीमेपलीकडचे, अमेरिकेतील ग्रँड फोर्क्स. तिथे पाणी ४९ फुटांपर्यंत चढेल असा अंदाज होता. ते ५४ फुटांवर गेले आणि जवळजवळ सगळे शहर रिकामे करावे लागले. तेच पाणी विनिपेगजवळ आले तेव्हा नदीपात्रातले दरवाजे वर उचलून बराचसा प्रवाह चरात वळवला गेला. शहर वाचले. या चराने आजवर ४० अब्ज डॉलरहून अधिक नुकसान टाळले, असा मॅनिटोबा सरकारचा अंदाज आहे. नंतर ६० कोटी डॉलरहून अधिक खर्च करून तो आणखी रुंद करण्यात आला, तेव्हा फारशी थट्टा झाली नाही.

पण ४० अब्ज हा आकडा जरा विचित्र आहे. हे पैसे कुणाच्या तिजोरीत आले नाहीत, कुठल्या जमाखर्चाच्या वहीत सापडणार नाहीत. रस्ता बांधला तर त्यावरून गाड्या धावताना दिसतात. पूरसंरक्षणाच्या कामातून जे मिळते ते म्हणजे 'काही घडले नाही'. सरकारी तिजोरीतून यासाठी पैसा मागायचा तर न घडलेल्या गोष्टीची किंमत आधी मोजून दाखवावी लागते. ती मोजण्याचे शास्त्र आहे, आणि त्यात एक-दोन जागा अशा आहेत की तिथे शास्त्र कुठे संपते आणि राजकारण कुठे सुरू होते, हे सांगणे कठीण जाते.

सुरुवात होते ती 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' या फसव्या शब्दप्रयोगापासून. ऐकणाऱ्याला वाटते, यंदा आला, आता आपल्या हयातीत नाही. अर्थ तसा नाही. शंभर बाजूंचा एक फासा दरवर्षी टाकायचा आणि ठरलेली एक बाजू वर आली की पूर, असा तो खेळ आहे. मागच्या वर्षी काय पडले हे फाशाच्या लक्षात राहत नाही. तीस वर्षे फासा टाकत राहिलो तर ती बाजू निदान एकदा वर येण्याची शक्यता २६ टक्के असते. पूर्ण शंभर वर्षे टाकला तरी ती १०० टक्के होत नाही, सुमारे ६३ टक्के होते.

नदीला अर्थातच एकच पूर येत नाही. दर दोन-चार वर्षांनी अंगणात शिरणारे पाणी, वीस वर्षांत कधीतरी बाजारपेठ बुडवणारे पाणी, आणि क्वचित सगळेच वाहून नेणारे पाणी. प्रत्येक पुराची शक्यता आणि त्याने होणारे नुकसान यांचा आलेख काढायचा आणि त्या वक्राखालचे क्षेत्रफळ मोजायचे. ते येते सरासरी वार्षिक नुकसान. भिंत किंवा चर या आलेखाचा काही भाग पुसून टाकतो. जेवढा भाग पुसला तेवढा प्रकल्पाचा वार्षिक फायदा. अगदी सोपे करून सांगायचे तर, दरवर्षी १ टक्का शक्यता असलेला पूर १,००० कोटींचे नुकसान करणार असेल, तर तो पूर्णपणे अडवणाऱ्या भिंतीचा फायदा वर्षाला सरासरी १० कोटी.

आता समजा ही भिंत बांधायला २०० कोटी लागतात आणि ती शंभर वर्षे टिकते. वर्षाला १० कोटी, शंभर वर्षे, म्हणजे १,००० कोटी; मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की आजचा रुपया आणि पन्नास वर्षांनंतरचा रुपया अर्थशास्त्रज्ञ सारखे मानत नाहीत. महागाई बाजूला ठेवली तरीही. आज हातात असलेला पैसा दुसऱ्या कामात घालून वाढवता येतो, म्हणून भविष्यातल्या फायद्यावर दरसाल काही टक्के वटाव कापतात. हा वटावाचा दर ७ टक्के धरला तर शंभर वर्षांच्या त्या साऱ्या फायद्याची आजची किंमत भरते सुमारे १४३ कोटी. भिंतीचा खर्च २०० कोटी. प्रस्ताव फेटाळला. तोच दर ३ टक्के धरा, किंमत होते ३१६ कोटी. प्रस्ताव मंजूर. भिंत तीच, नदी तीच, पूरही तोच. पन्नास वर्षांनंतर होणारे १,००० कोटींचे नुकसान पहिल्या दराने आजच्या ३४ कोटींएवढे, दुसऱ्या दराने २२८ कोटींएवढे.

प्रकल्प अहवालाच्या परिशिष्टात कुठेतरी दडलेला वटावाच्या दराचा हा आकडा ना पावसाच्या नोंदींतून येतो, ना काँक्रीटच्या चाचणीतून. आपल्या नातवंडांच्या ओल्या घराची आपल्याला किती फिकीर आहे, हे तो सांगतो. भिंतीच्या उंचीवरून सभा गाजतात, या आकड्यावरून मी तरी एकही गाजलेली ऐकली नाही. ब्रिटनचे अर्थखाते पहिली तीस वर्षे ३.५ टक्के दर वापरते आणि त्यानंतरच्या काळासाठी तो टप्प्याटप्प्याने कमी करत नेते. दूरच्या भविष्याविषयीची अनिश्चितता जितकी जास्त तितका दर खाली यावा, असा त्यामागचा विचार आहे.

या गणिताला खरी धार आली ती नेदरलँड्समध्ये, आणि तीही दुर्घटनेनंतर. योहान फान व्हेन हा तिथल्या सरकारी जलखात्यातला अभियंता १९५३ च्या कितीतरी आधीपासून सांगत होता की नैर्ऋत्येकडचे समुद्री बांध बुटके आहेत. युद्ध, युद्धानंतरची पुनर्बांधणी, इतर निकड. पैसा मिळत नव्हता. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्रावर वादळ उठले, ते नेमके उधाणाच्या भरतीत. होक फान होलांड या किनाऱ्यावरच्या गावी पाणी सरासरी समुद्रपातळीच्या सुमारे ३.८५ मीटर वर चढले, बांध ठिकठिकाणी फुटले आणि नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसे दगावली. इंग्लंडच्या किनाऱ्यावरही तीनशेहून अधिक गेली. इतकी वर्षे न हललेल्या सरकारने त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांत, समुद्रापासून बचाव कसा करायचा हे ठरवण्यासाठी, डेल्टा आयोग नेमला.

आयोगाने डेव्हिड फान डँटझिग या गणितज्ञाला प्रश्न घातला: बांध किती उंच असावा? 'पुन्हा कधीच पाणी येणार नाही इतका' असे उत्तर त्याने दिले नाही. असा बांध नसतोच. त्याने दोन रेषा मांडल्या. बांध उंच करत गेलो की खर्च वाढत जातो, आणि अपेक्षित नुकसान झपाट्याने घटत जाते. झपाट्याने अशासाठी की त्या किनाऱ्यावर साधारण पाऊण मीटर वर गेलो की पाणी तिथवर पोहोचण्याची शक्यता एक दशांश होते. दोन्हींची बेरीज जिथे सर्वांत कमी, ती उंची रास्त. या विचारातून पुढे मध्य हॉलंडसाठी वर्षाला १०,००० मध्ये १ इतक्या शक्यतेचे पाणी अडवायचे, असे मानक ठरले. होक फान होलांडला ते पाणी सुमारे ५ मीटरचे होते. त्या काळी असा विचार फारसा रूढ नव्हता. बांधांची उंची सहसा आठवणीतल्या सर्वांत मोठ्या पुरावर बेतली जाई, वर हातभर जास्त.

फान व्हेनचे कुणी ऐकले नाही आणि फान डँटझिगचे ऐकले, यात दोघांच्या हुशारीतला फरक नव्हता. मध्ये एक पूर येऊन गेला होता. हे सगळीकडेच घडते आणि त्याला मोजलेला आधारही आहे. अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा या अभ्यासकांनी अमेरिकेतील निवडणुका आणि आपत्तीवरचा सरकारी खर्च यांची सांगड घालून २००९ मध्ये दाखवले की मतदार आपत्तीनंतरच्या मदतीसाठी सत्ताधाऱ्यांना मते देतात, आधीच्या तयारीसाठी मात्र देत नाहीत. तयारीवर खर्च केलेला एक डॉलर भविष्यातले सुमारे १५ डॉलरचे नुकसान वाचवतो, असा त्यांचाच अंदाज. म्हणजे हेलिकॉप्टरमधून अन्नाची पाकिटे टाकणारा नेता आठवणीत राहतो, वेळेवर नाला रुंद करणारा राहत नाही. डफ रॉब्लिन यांच्या वाट्याला आली ती टिंगल, आणि कौतुक यायला पुरेसे मोठे पूर यावे लागले.

हिशेबाच्या आत आणखी एक खोच आहे. अमेरिकेच्या १९३६ च्या पूरनियंत्रण कायद्याने अट घातली की प्रकल्पाचे फायदे, मग ते कुणाच्याही पदरात पडोत, खर्चाहून जास्त असले पाहिजेत. लाभ-खर्चाच्या सरकारी गणिताचा तो एक मोठा आरंभबिंदू मानतात. अट सरळ दिसते. पण वाचणारे नुकसान घरांच्या किमतीत मोजले तर बंगल्यांच्या वस्तीपुढची भिंत पत्र्याच्या घरांपुढच्या भिंतीपेक्षा नेहमीच 'किफायतशीर' ठरणार. ज्याच्याकडे बुडण्यासारखे थोडेच आहे, त्याचे तेवढेही बुडाले तर तो उभा राहू शकत नाही, हे या गणिताला दिसत नाही. डच मंडळींनी २०१७ पासून यावर एक तोड काढली. बांधांमागे राहणाऱ्या कुणाचाही पुरात मरण्याचा धोका वर्षाला एक लाखात एकापेक्षा जास्त असू नये. घर कितीचे आहे हे विचारायचे नाही. आर्थिक गणित त्यानंतर. इंग्लंडमध्येही निधी वाटताना गरीब वस्तीतल्या घरांना जास्त वजन देतात.

शिवाय भिंत उभी राहिली की तिच्यामागची जमीन तशीच राहत नाही. भूगोलतज्ज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांनी १९४० च्या दशकातच हे दाखवून दिले होते. लोकांना वाटते, आता इथे भीती नाही. घरे येतात, गोदामे येतात, शाळा येतात. पुराची शक्यता दहा पटींनी कमी झाली आणि मागची मालमत्ता दहा पटींनी वाढली, तर सरासरी नुकसान होते तिथेच राहिले. फरक एवढाच की पूर्वी थोडे-थोडे होणारे नुकसान आता एकदाच आणि प्रचंड होईल. म्हणून कधीकधी भिंत चढवण्यापेक्षा नदीला जागा परत देणे स्वस्त पडते. नेदरलँड्सने सुमारे २.३ अब्ज युरो खर्चून तीसहून अधिक ठिकाणी तेच केले. नायमेखेन शहरासमोर बांध साडेतीनशे मीटर मागे सरकवला, ओव्हरडीप नावाच्या सखल भागात शेतकऱ्यांची घरे आणि गोठे मातीच्या उंच टेकाडांवर नेले. जमीन सोडायला लावणारा प्रकल्प भिंतीइतका लोकप्रिय नसतो, आणि तो पुरा व्हायला दशकभर लागले.

सगळ्यांत दुर्लक्षित खर्च मात्र बांधून झाल्यावर सुरू होतो. भिंतीचे उद्घाटन होते. गळणारा सांधा भरल्याचे उद्घाटन कुणी करत नाही. नव्या कामाला कर्ज मिळते, केंद्राचा निधी मिळतो, देखभाल मात्र वार्षिक अंदाजपत्रकातल्या उरल्यासुरल्या रकमेवर चालते. कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल हे अमेरिकेतील सर्वांत उंच धरण. त्याच्या सांडव्याच्या काँक्रीटला बांधल्यानंतर लवकरच तडे गेले होते. वर्षानुवर्षे तपासणी होत राहिली आणि तडे दिसत राहिले, इतके की ते 'नेहमीचे' वाटू लागले. फेब्रुवारी २०१७ मध्ये पाणी सोडल्यावर सांडव्यात मोठे भगदाड पडले. आणीबाणीचा सांडवाही खचू लागला तेव्हा १ लाख ८० हजारांहून अधिक लोकांना घाईघाईने हलवावे लागले. दुरुस्तीला एक अब्ज डॉलरहून अधिक खर्च आला.

आता तर पुराची शक्यता आणि नुकसान यांचा तो आलेखच जागेवरून सरकतो आहे. समुद्र चढतो आहे, पाऊस जास्त जोरकस होतो आहे; मागच्या शंभर वर्षांच्या नोंदी पुढच्या शंभर वर्षांची हमी देत नाहीत. लंडनचा थेम्स बॅरियर, म्हणजे समुद्राचे पाणी अडवणारे नदीवरचे दरवाजे, १९५३ च्या धड्यातून उभा राहिला, पण त्याचे रीतसर उद्घाटन व्हायला १९८४ उजाडले, म्हणजे तीस वर्षे लागली. त्याच्या पुढच्या अवताराचा निर्णय २०४० पर्यंत घ्यायचा आणि तो २०७० पर्यंत उभा करायचा, असे तिथल्या आराखड्यात आधीच लिहून ठेवले आहे. आजच सगळा पैसा ओतायचा नाही, पण उद्या हवी ती जागा आज कुणाला बांधू द्यायची नाही, असा त्याचा मथितार्थ. घाई आणि दिरंगाई यांच्यामधली ही वाट मला सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण जागा राखून ठेवायला भिंतीइतका खर्च येत नाही.

पैशाची सोय लावण्याचा सर्वांत जुना आणि अजून चालणारा नमुनाही नेदरलँड्समधलाच. तिथे तेराव्या शतकापासून 'वॉटरस्खाप' म्हणजे जलमंडळे आहेत. त्यांची वेगळी निवडणूक होते, आणि ती स्वतःचा वेगळा कर गोळा करतात. शाळा की बांध, दवाखाना की पंप, असा सामना तिथे होत नाही, कारण पाण्याचा पैसा पाण्यालाच जातो. मुख्य बांधांच्या मजबुतीकरणाचा खर्च निम्मा केंद्र सरकार देते आणि निम्मा ही मंडळे मिळून. २०१३ पासून केंद्राच्या वाट्यासाठीही कायद्याने वेगळा डेल्टा निधी बाजूला काढला जातो, मग त्या वर्षी पूर आलेला असो वा नसो.

या जलमंडळांच्या पगारपत्रकावर मस्करॅट पकडणारे लोकही असतात. मस्करॅट हा उंदराच्या कुळातला, पाण्याकाठी राहणारा प्राणी. केसाळ कातड्यासाठी उत्तर अमेरिकेतून युरोपात आणलेला आणि मग मोकाट सुटलेला. तो बांधाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली तोंड असलेली बिळे करतो. वरून बांध धडधाकट दिसतो आणि आतून पोकळ होत जातो. म्हणून वर्षभर, पूर असो वा नसो, ही माणसे कालव्याकाठाने सापळे तपासत, एकेक बीळ शोधत हिंडतात.