स्वसंरक्षणाची हद्द : कलम ९९ ते कलम ३७

मारायला आलेल्याला मारले तर गुन्हा होतो का? भारतीय कायद्याचे उत्तर सुरुवातीपासून बचाव करणाऱ्याच्या बाजूने झुकलेले आहे. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील कायदा आयोगाने १८३७ मध्ये दंडसंहितेचा मसुदा दिला. या देशातले लोक अन्याय मुकाट सोसतात, तेव्हा बंधने वाढवण्यापेक्षा त्यांच्यात प्रतिकाराची हिंमत यावी, असा मेकॉलेचा सूर होता. राज्यकर्त्याने प्रजेला भित्रे ठरवावे यातला तोरा लपत नाही, पण त्यातूनच आपल्याला ऐसपैस हक्क मिळाला. १८६० च्या संहितेत कलम ९६ ते १०६ मध्ये तो आला. स्वतःच्याच नव्हे, परक्याच्याही जिवासाठी आणि मालमत्तेसाठी तो वापरता येतो.

लगाम आहे कलम ९९ चा. पोलिसांकडे जायला सवड असेल तर हक्क नाही आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. ‘लागेल त्याहून जास्त’ म्हणजे किती, यावर कोर्टांत आजवर खल चालू आहे.

मार्च १९५० मध्ये कटनीला दंगल उसळली. जमावाने अमजद खानच्या भावाचे दुकान लुटले आणि मग अमजदच्या दारावर लाठ्या बसू लागल्या. त्याने बंदूक चालवली, त्यात एक जण ठार झाला. नागपूर हायकोर्टाने त्याला दोषी धरले, सुप्रीम कोर्टाने १९५२ मध्ये सोडले. निकाल लिहिणारे व्हिव्हियन बोस नागपूरचेच, तिथले माजी मुख्य न्यायमूर्ती. दार फुटून माणसे आत येईपर्यंत त्याने थांबायला हवे होते, हे त्यांना मान्य नव्हते. अशा गोष्टी सोन्याच्या तराजूत तोलता येत नाहीत, असे त्यांनी लिहिले.

तराजू ढिला असला तरी त्याला टोक आहे. जयदेव खटल्यात शेताच्या ताब्यावरून मारामारी झाली होती. धोका टळला, समोरचे पळू लागले की हक्क तिथेच संपतो, असे सुप्रीम कोर्टाने तिथे बजावले. पाठलाग करून घातलेली गोळी बचाव ठरत नाही. मात्र प्रामाणिकपणे बचाव करताना, सूडबुद्धी नसताना हद्द ओलांडली गेली, तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध हा त्याहून सौम्य गुन्हा धरला जातो. वकिलांची बरीच लढाई याच अपवादावर चालते.

बचाव होता हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर असते, पण सरकार पक्षाइतका कडेकोट पुरावा त्याच्याकडून मागत नाहीत. बचावाची शक्यता पटण्याजोगी दिसली तरी पुरते. सुप्रीम कोर्टाच्या १९६७ च्या मुन्शीराम निकालानुसार आरोपीने मुद्दा काढला नसला तरी पुराव्यात तो दिसत असेल तर कोर्ट त्याचा विचार करू शकते.

हल्लेखोराचा जीव घेण्याची मुभा देणाऱ्या कलम १०० मध्ये २०१३ साली ॲसिडहल्ल्याची भर पडली. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत हा सगळा संच कलम ३४ ते ४४ मध्ये गेला. जुने ९९ आता ३७ आहे. मालमत्तेच्या बचावात जीव घेण्याची मुभा ज्या गुन्ह्यांत आहे, त्यांच्या यादीत ‘रात्रीची घरफोडी’ जाऊन सूर्यास्तानंतरची आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी आली, आगीच्या जोडीला स्फोटके आली. ‘लागेल त्याहून जास्त’ची अट तशीच राहिली.