सकाळचा धूर, दुपारचा ओझोन

१९४० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये लोकांचे डोळे चुरचुरू लागले, शेतातल्या पालेभाज्यांवर डाग पडू लागले आणि गाड्यांचे टायर वेळेआधीच तडकू लागले. कोळशाच्या धुरानं टायर तडकत नाहीत, त्यामुळे नेहमीचे संशयित उपयोगाचे नव्हते. उत्तर सापडलं ते आरी हागेन-स्मिट या डच रसायनशास्त्रज्ञाला. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या विज्ञानसंस्थेत त्यांचं काम चालू होतं अननसाचा स्वाद नेमका कशामुळे येतो यावर. तीच तंत्रं त्यांनी शहराच्या हवेला लावली आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की गाड्यांचा धूर आणि तेलशुद्धीकरणातून सुटणाऱ्या वाफा उन्हात एकत्र आल्या की ओझोन तयार होतो. हा ओझोन मोजायची एक सोपी रीतही तेव्हा होती. रबराची पट्टी वाकवून, ताण देऊन हवेत ठेवायची आणि तिला किती वेळात किती खोल चिरा पडतात ते पाहायचं. ताणलेल्या रबराच्या रेणूंमधले दुहेरी बंध ओझोन पटापट तोडतो.

वीस-तीस किलोमीटर उंचीवरचा ओझोन अतिनील किरण अडवतो, म्हणून त्याचं कौतुक. रेणू तोच, पण नाकाशी आला की फुप्फुसांना जाळतो. पाण्यात तो फारसा विरघळत नाही, त्यामुळे नाक-घशातच अडकून न पडता श्वासनलिकांच्या आत खोलवर पोचतो. तिथल्या अस्तराला सूज येते, खोकला सुरू होतो, पूर्ण श्वास घेताना छातीत दुखतं. दमेकऱ्यांना, मुलांना आणि दिवसभर उन्हात राबणाऱ्यांना हा त्रास सर्वांत आधी होतो. आठ तासांच्या सरासरीत दर घनमीटर हवेत १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त ओझोन नसावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

गंमत अशी की हा ओझोन कुठल्याच धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. इंजिनांतून आणि भट्ट्यांतून निघतात ती नायट्रोजनची ऑक्साइडं. त्यांपैकी नायट्रोजन डायऑक्साइड उन्हात फुटतो, त्यातून सुटलेला ऑक्सिजनचा एकटा अणू हवेतल्या ऑक्सिजनला चिकटतो आणि ओझोन होतो. मागे उरलेला नायट्रिक ऑक्साइड लगेच तो ओझोन खाऊन पुन्हा डायऑक्साइड बनतो. एवढंच चालत राहिलं असतं तर देणं-घेणं फिटलं असतं. पण पेट्रोल, रंग, थिनर यांच्या वाफा मध्ये पडतात. त्या उन्हात विघटित होताना नायट्रिक ऑक्साइडचं डायऑक्साइड करून टाकतात, तेही ओझोनला हात न लावता. मग ओझोन खाणारं कोणी उरत नाही आणि तो साठत जातो. काही झाडांची पानंही उष्णतेत आयसोप्रीन नावाची अशीच वाफ सोडतात. अर्थात, नायट्रोजनची ऑक्साइडं नसतील तर तिच्यातून असा ओझोन साठत नाही, त्यामुळे दोष झाडांवर ढकलण्यात अर्थ नाही.

या रसायनामुळे काही उलटसुलट गोष्टी घडतात. ऐन गर्दीच्या चौकात ताजा नायट्रिक ऑक्साइड ओझोनला गिळतो, म्हणून तिथे तो कमी दिसतो. वारा शहराची हवा जिकडे वाहून नेतो, तिकडच्या उपनगरांत आणि गावांत जास्त. काही शहरांत सुट्टीच्या दिवशी रहदारी कमी असूनही ओझोन वाढतो. २०२० च्या टाळेबंदीत रस्ते ओस पडले, आकाश निळंशार दिसू लागलं, तरी बऱ्याच शहरांच्या मध्यभागी ओझोन वर गेला. एकाच घटकाला अर्धवट कात्री लावली तर हे असं होतं.

धोक्याचे दिवस आधी ओळखता येतात. कडक ऊन, निरभ्र आकाश, पडलेला वारा आणि वर उबदार हवेचं झाकण बसलेलं असलं की समजावं. मात्र पातळी शिखराला पोचते दुपारी, आणि तिचा कच्चा माल हवेत सुटलेला असतो सकाळी. म्हणून दुपारी इशारा वाचून गाडी घरी ठेवण्याचा फारसा उपयोग नाही. अंदाज आदल्या संध्याकाळी पाहायला हवा. पेट्रोल भरायचंच असेल तर सूर्यास्तानंतर भरावं. नळी आपोआप बंद झाल्यावर वर आणखी थोडं ओतू नये, कारण टाकी भरताना आतली वाफ बाहेर ढकलली जाते. तेलरंगाचं काम, वॉर्निश, पेट्रोलवर चालणारी यंत्रं दोन दिवस पुढे ढकलली तर काही बिघडत नाही. चार कामं एकाच फेरीत उरकावीत. थंड इंजिन सुरू झाल्यावरची पहिली काही मिनिटं सर्वांत घाण असतात, कारण धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय कामाला लागत नाही.

स्वतःला जपायचं तर व्यायाम सकाळी उरकावा आणि दुपारी खिडक्या लावून घ्याव्यात. घरातल्या वस्तूंवर आदळून ओझोन नष्ट होतो, त्यामुळे आत तो बाहेरपेक्षा बराच कमी असतो. धुळीसाठीचा मास्क इथे कामाचा नाही. ओझोन वायू आहे, आरपार जातो. आणि 'हवा ताजी करतो' म्हणून मुद्दाम ओझोन सोडणारी यंत्रं विकली जातात, ती घरात आणणं म्हणजे विकतचं दुखणं.

या उपायांनी नक्की किती फरक पडतो? १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या वेळी रहदारीवर बंधनं आली, ओझोनचं शिखर सुमारे २८ टक्क्यांनी उतरलं आणि दम्याच्या तातडीच्या उपचारांसाठी येणारी मुलंही कमी झाली. हे उदाहरण खूप गाजलं. नंतरच्या तपासणीत मात्र असं दिसलं की त्याच दिवसांत आसपासच्या इतर शहरांतही ओझोन उतरला होता. बरचसं श्रेय हवामानाचं होतं. माझ्या मते एका दिवसाच्या संयमानं शिखर थोडं बोथट होतं, इतकंच. लॉस एंजेलिसची हवा पुष्कळ सुधारली ती वर्षभर लागू असलेल्या नियमांनी: प्रत्येक गाडीला कन्व्हर्टर, पंपाच्या नळीला वाफ परत ओढून घेणारी सोय, रंगांत कमी द्रावक. तरीही उन्हाळ्यात तिथे मर्यादा ओलांडली जातेच. शिवाय मिथेन आहे, पेट्रोलच्या वाफांसारखंच पण सावकाश काम करणारा. तो वर्षानुवर्षं हवेत टिकतो, जगभर पसरतो आणि सगळीकडचीच ओझोनची पातळी हळूहळू उचलून धरतो. त्याच्यावर आदल्या संध्याकाळचा इशारा चालत नाही. तिथे गळक्या वायुवाहिन्या आणि कचऱ्याचे ढीगच हाताळावे लागतात.