काका म्हणाले, 'बरंय डॉक्टर'

काकांच्या केमोच्या वेळी मी चार-पाचदा सोबत गेले होते. दोन तास बाकड्यावर बसल्यावर नंबर लागायचा, डॉक्टर फाइल चाळत विचारायचे काय काका कसं वाटतंय, आणि काका म्हणायचे बरंय. संपलं! मग परतताना रिक्षात हळूच काकूला सांगायचे की चार दिवस घशाखाली घास उतरत नाहीये आणि बोटांना इतक्या मुंग्या येतात की शर्टाचं बटण लागत नाही. काकू म्हणायची अहो मग आत का नाही बोललात, तर म्हणे बाहेर एवढी माणसं ताटकळलीयेत, त्यांचा वेळ कशाला खायचा.

हे जगात सगळीकडेच होतं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये डॉ. इथन बाश यांच्या टीमने यावरच अभ्यास केला. कॅन्सर पसरलेले 766 पेशंट घेतले, सगळ्यांची केमो चालू. काहींची तपासणी नेहमीसारखीच, बाकीच्यांनी मात्र कॉम्प्युटरवर 12 त्रासांना स्वतः मार्क द्यायचे. उलटी, दुखणं, दम लागणं, भूक, थकवा, हातापायाच्या मुंग्या वगैरे. 0 म्हणजे काही नाही, 4 म्हणजे माणूस पार आडवा. एखादा आकडा दोनने वाढला किंवा 3 वर गेला की नर्सला लगेच मेल, मग ती फोन करणार, गोळी बदलून देणार, गरज वाटली तर बोलावून घेणार. बस एवढंच.

निकाल 2017 साली आला. नेहमीच्या गटातले निम्मे पेशंट 26 महिन्यांपेक्षा जास्त जगले, मार्क देणाऱ्या गटात हाच आकडा 31.2 महिने. नवीन औषध एकही नाही, फक्त विचारलं आणि ऐकलं! त्रास लहान असतानाच पकडला जायचा, म्हणून इमर्जन्सीत धावपळ कमी झाली आणि केमो जास्त दिवस झेपली, सरासरी 6.3 ऐवजी 8.2 महिने. मला सगळ्यात भावलेली गोष्ट म्हणजे ज्यांना कॉम्प्युटरची सवय नव्हती त्यांना फायदा जास्त झाला, म्हणजे आपल्या काकांसारख्यांनाच.

नंतर अमेरिकेतच 52 ठिकाणी असाच मोठा अभ्यास झाला, त्यात आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही हेही सांगायला हवं. पण त्रास आटोक्यात राहणं, चालणं-फिरणं टिकणं हा फायदा तिथेही दिसला, आणि घरात पेशंट असलेल्याला विचारा, रात्रीची झोप लागणं म्हणजे काय असतं ते.

काकूला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने आपलं भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी पेन्सिलीने लिहायला सुरुवात केली, 'उलटी 3 वेळा', 'मुंग्या, बटण नाही', 'अर्धी पोळी'. पुढच्या वेळी काका बरंय म्हणायच्या आत तिने ते पान फाडून टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं, काकांचे हात हातात घेतले, एकेक बोट दाबून पाहिलं आणि त्या दिवशीचा डोस कमी केला.