फूटभर लांबीची माशी आणि घनाचा नियम

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या मॅडिसन शहरातील तळी डिसेंबरअखेर गोठली की मस्की या मोठ्या माशाचे वेड लागलेले येथील मासेमार घरात टेबलावर छोटा शिकंजा लावून ‘फ्लाय’ नावाची आमिषे बांधायला बसतात, आणि गेल्या काही हिवाळ्यांपासून मीही त्यांच्यातलाच एक झालो आहे. या वर्षी नमुना म्हणून एक तयार फ्लाय विकत आणली, तेव्हा तिच्या वेष्टनावर असा दावा छापलेला दिसला की ही फ्लाय इतके पाणी ढकलते की मोठ्या माशाला ती तळ्याच्या पलीकडच्या काठावरूनही जाणवते. जाहिरातीत अतिशयोक्ती असतेच. परंतु हा दावा अनेक अनुभवी मासेमारही मनापासून खरा मानतात, म्हणून त्यामागील भौतिकशास्त्र तपासून पाहावेसे वाटले.

फ्लाय म्हणजे मूळची कृत्रिम माशी. गळाच्या दांड्यावर दोऱ्याने पिसे आणि केस बांधून केलेले हे आमिष ट्राउट माशासाठी नखाएवढे असते. मस्की मात्र पाईक कुळातील शिकारी मासा असून त्याची लांबी सव्वा मीटरच्याही पुढे जाऊ शकते. विस्कॉन्सिनने १९५५ साली त्याला आपला राज्यमासा ठरवले. तो गळाला इतक्या अवघडपणे लागतो की त्याला ‘दहा हजार फेकींचा मासा’ म्हणतात. त्याच्यासाठी बांधलेली फ्लाय २५ ते ३० सेंटिमीटर लांब असते आणि एकाच कडक दांड्यावर न बांधता दोन किंवा अधिक तुकड्यांत, मध्ये सांधे ठेवून बांधतात. नाव माशीचे असले तरी नक्कल माशाची असते.

आता पाणी ‘जाणवण्याची’ गोष्ट. बाजारात जिताडा घेताना त्याच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत गेलेली बारीक रेघ आपण पाहिलेली असते. तिला पार्श्वरेषा म्हणतात. त्या रेघेखालच्या नलिकेत आणि त्वचेवरही सूक्ष्म केसपेशींचे पुंजके असतात, आणि भोवतालचे पाणी किंचित सरकले तरी ते वाकून मज्जातंतूंना संदेश पाठवतात. आपल्या आतल्या कानातील केसपेशींचेच हे नातलग आहेत. मस्कीच्या अंगावर ही रेघ जिताड्याइतकी ठळक दिसत नाही, पण संवेदना तीच असते, आणि त्याच्या डोक्यावर व खालच्या जबड्यावर तिची छिद्रे स्पष्ट दिसतात.

एखादी वस्तू पाण्यातून पुढे सरकते तेव्हा तिच्या पुढचे पाणी बाजूला होऊन मागची जागा भरायला येते. म्हणजे वस्तू पाणी दूर पाठवत नाही, ती ते स्वतःभोवती फिरवते, आणि म्हणूनच ही हालचाल अंतराबरोबर फार वेगाने विरते. गोलाकार वस्तूसाठी गणित सोपे आहे. तिच्या थेट पुढ्यातील पाण्याचा वेग म्हणजे वस्तूचा वेग गुणिले, त्रिज्या भागिले अंतर या गुणोत्तराचा घन. फ्लायचे डोके २ सेंटिमीटर त्रिज्येचे आणि तिचा वेग सेकंदाला ५० सेंटिमीटर धरला, तर २० सेंटिमीटर अंतरावर पाणी सेकंदाला अर्धा मिलिमीटर हलते. एक मीटरवर हाच आकडा सेकंदाला ४ मायक्रोमीटर होतो, आणि ५ मीटरवर मायक्रोमीटरच्या काही शतांशांवर येतो, जो वाऱ्याने हलणाऱ्या तळ्यात कोठल्या कोठे बुडून जातो. पलीकडच्या काठाचा प्रश्न येथेच निकाली निघतो.

पण याच सूत्राची दुसरी बाजू मला अधिक मोहक वाटते. अंतर घनाने मारते, तशी त्रिज्या घनाने तारते. डोके दुप्पट जाड केले तर त्याच अंतरावरील हालचाल आठपट होते; वेगळ्या शब्दांत, जेवढी हालचाल आधी अर्ध्या मीटरवर जाणवत होती तेवढी आता एक मीटरवर जाणवते. जाणिवेची पोच आकाराच्या सरळ प्रमाणात वाढते. फ्लाय मोठी बांधण्याचे हे खरे कारण आहे, आणि ही पोच मीटरांत मोजायची आहे, तळ्यांत नव्हे.

मस्कीच्या वर्तनाशीही हे जुळते. २००१ साली जॉन न्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की दुरून सावजाकडे दबकत सरकण्याचा पहिला टप्पा मस्की डोळ्यांनी पार पाडतो, तर शेवटची झडप घालताना पार्श्वरेषा महत्त्वाची ठरते. दृष्टी बंद केलेले मासे पाठलाग करीत नव्हते. परंतु सावज अगदी जवळ आले की झडप मात्र घालत होते.

आता बांधणाऱ्याची अडचण पाहू, कारण घनाचा नियम त्याच्यावरही उलटतो. ३० सेंटिमीटर लांब आणि सरासरी ३ सेंटिमीटर जाड अशा भरीव आमिषाचे आकारमान सुमारे २०० घनसेंटिमीटर भरते. ते पाण्याने चिंब झाले तर वजन २०० ग्रॅम. फ्लायच्या मासेमारीत फेक आमिषाच्या वजनावर होत नाही, जाड दोरीच्या वजनावर होते, आणि १० क्रमांकाच्या दोरीच्या पहिल्या तीस फुटांचे प्रमाणित वजन अवघे १८ ग्रॅम असते. म्हणजे आमिष दिसायला माशाएवढे हवे, पाणी माशाएवढे हलवणारे हवे, आणि हवेत उडताना त्याचे वजन काही ग्रॅमच हवे.

यावरचा तोडगा हरणाच्या शेपटीच्या केसांत सापडला. हे केस पाणी शोषत नाहीत, आणि शेपटीच्या बुडाकडचे केस आतून पोकळ असल्यामुळे दोरा आवळताच पंख्यासारखे फुलतात. न्यू जर्सीच्या बॉब पोपोविक्स यांनी समुद्रातील माशांसाठी केसांचा झुबका उलटा, म्हणजे टोके गळाच्या डोळ्याकडे (दोरी बांधायच्या छिद्राकडे) ठेवून बांधायचा आणि मग मागे दुमडून पुढे दोऱ्याचा बांध घालायचा, ही पद्धत रूढ केली. मस्कीवाल्यांनी ती उचलली. बांधामुळे केस खाली पडत नाहीत आणि आत पोकळी असलेला पिंजरा तयार होतो. पाण्यात असताना दाट केसांमधून जाण्यापेक्षा बाजूने वळसा घालणे प्रवाहाला सोपे जाते, त्यामुळे पिंजरा बराचसा भरीव वस्तूप्रमाणे वागतो. पाण्याबाहेर आला की पोकळीतले पाणी निथळून जाते. नवशिका हमखास जास्त केस बांधतो. माझ्या पहिल्या चार फ्लाय ओल्या मोज्यासारख्या उडत असत.

आणि सांधे कशासाठी? लांब कडक दांडा असला तर गळाला अडकलेला मासा त्याचा तरफेसारखा उपयोग करून गळ उपसून काढतो, हे व्यावहारिक कारण झाले. परंतु खरी गंमत ओढ थांबते त्या क्षणी घडते. मासेमार दोरी झटक्याझटक्याने ओढतो. ओढताना तुकड्यांची साखळी ताणली जाऊन सरळ राहते. ओढ थांबताच जाड डोक्याला पाण्याचा विरोध झाल्यामुळे त्याचा वेग चटकन उतरतो, मागचे सडपातळ तुकडे मात्र आपल्या जडत्वाने पुढे येत राहतात. ताणाखाली सरळ राहणारी साखळी दाबाखाली सरळ राहू शकत नाही, ती सांध्यात दुमडते आणि आमिष आडवे होते.

एकदा थोडे आडवे झाले की पाणी त्याला आणखी आडवे करते. माक्स मंक यांनी १९२४ साली हवाई जहाजांच्या लांबट फुग्यांसाठी हा परिणाम गणिताने मांडला होता. प्रवाहात किंचित तिरक्या असलेल्या लांब वस्तूवर पाणी जेथे थबकते असे दोन बिंदू असतात, एक पुढच्या टोकाजवळ प्रवाहाच्या बाजूस आणि दुसरा मागच्या टोकाजवळ विरुद्ध बाजूस. पाणी थबकते तेथे दाब वाढतो. हे दोन दाब परस्परविरुद्ध दिशांनी, पण वेगवेगळ्या टोकांवर पडल्यामुळे वस्तूला ढकलण्याऐवजी फिरवतात, आणि फिरवतात ते प्रवाहाला आडवे होईपर्यंत. पत्त्याचे पान कडेवर उभे धरून सोडले तरी ते खाली येताना आडवे होऊ पाहते, त्याच्याही मुळाशी हेच बल आहे. दबा धरून बसलेल्या शिकाऱ्याला त्या क्षणी पूर्ण बाजू दाखवणारे, धडपडणारे सावज दिसते.

व्हर्जिनियाच्या ब्लेन चॉकलेट यांच्या ‘गेम चेंजर’ या रचनेत हे सांधे पाच-सहा असतात. बांधणी शेपटीकडून सुरू करून प्रत्येक पुढचा तारेचा दांडा थोडा मोठा घेतात. जाड डोक्याच्या मागे आलटून-पालटून डावे-उजवे भोवरे सुटतात, आणि त्यांची वारंवारता साधारणपणे वेगाला डोक्याच्या रुंदीने भागून येणाऱ्या संख्येच्या एक पंचमांश असते. ४ सेंटिमीटर रुंद डोके सेकंदाला ८० सेंटिमीटर वेगाने ओढले तर सेकंदाला ४ भोवरे-जोड्या, म्हणजे त्या लांबीच्या खऱ्या माशाच्या शेपटीच्या लयीच्या आसपास. मागचे सैल तुकडे या भोवऱ्यांवर डोलतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दंडगोलामागच्या भोवऱ्यांत ठेवलेला मेलेला ट्राउट नुसत्या शरीराच्या लवचिकतेमुळे प्रवाहाविरुद्ध पुढे सरकला होता. त्या मानाने केसांच्या साखळीने पोहल्याचे सोंग करणे फार नवलाचे नाही. शिवाय भोवऱ्यांचा हा माग आधीच्या सूत्रासारखा झटपट विरत नाही. युरोपातील वेल्स कॅटफिश संपूर्ण अंधारात लहान माशांचा दहा सेकंदांपर्यंत जुना माग काढत जातो, असे २००१ मध्येच दाखवले गेले आहे.

वेष्टनावरच्या दाव्याइतकीच लोकप्रिय समजूत चंद्राची. चंद्र उगवताना मस्की हटकून चावतो म्हणून लोक सुट्ट्यांची आखणी करतात. मस्की पकडणाऱ्या मासेमारांच्या संघटनेकडे जमलेल्या सुमारे ३ लाख ४० हजार नोंदी तपासून २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि त्यात चंद्रकलांचा परिणाम आढळला, तो सुमारे पाच टक्क्यांपर्यंत. समजूत अगदी निराधार नाही, पण पाच टक्क्यांसाठी पंचांग उघडण्यापेक्षा आणखी एक तास तळ्यावर थांबलेले बरे.

मस्की अनेकदा आमिषाच्या मागे थेट होडीपर्यंत येतो आणि चावत नाही. म्हणून दोरी संपत आली की मासेमार काठीचे टोक पाण्यात बुडवून फ्लायला इंग्रजी आठच्या आकारात फिरवतात. त्या वळणांवर एकेक सांधा दुमडत जातो, आमिषाची बाजू उघडी पडते, आणि मासा त्या वेळी जेमतेम एका मीटरवर, म्हणजे पार्श्वरेषेच्या पोचेत असतो.