पर्वतीय फुलपाखरे (बेळगाव सीमाभाग)

बेळगाव जिल्ह्याचा खानापूर तालुका आणि त्याला लागून असलेले कोल्हापूर जिल्ह्यातले चंदगडचे डोंगर येथे आढळणारी, सह्याद्रीच्या ओल्या जंगलाशी बांधलेली फुलपाखरे. पर्वतीय फुलपाखरे म्हटले की हिमालयात वृक्षरेषेच्या वर उडणारी अपोलो डोळ्यांपुढे येते. इथला डोंगर तेवढा उंच नाही. बेळगाव शहर सुमारे ७५० मीटरवर आहे आणि भोवतालचे माथे हजार मीटरच्या आतबाहेर संपतात. म्हणून इथल्या जातींचे पट्टे उंचीने पडत नाहीत, पावसाने पडतात.

पश्चिमेला कणकुंबी-आमगावच्या बाजूला वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, बेळगावात बाराशे-तेराशे, तर पूर्वेला सौंदत्तीकडे जेमतेम सहाशेच्या आसपास. एका दिवसाच्या प्रवासात सदाहरित रान, पानझडी आणि काटेरी माळ असे तिन्ही भेटतात. पश्चिमेच्या ओढ्याकाठी मलबार ट्री निम्फ आणि सदर्न बर्डविंग, मधल्या पट्ट्यात नीलवंत, बहुरूपी व हळदीकुंकू, आणि पूर्वेच्या माळावर रुईवर वाढणारा बिबळ्या कडवा किंवा क्रिमसन टिपसारखी कोरड्या प्रदेशातली फुलपाखरे, असा साधारण क्रम आहे. सदर्न बर्डविंग हे कर्नाटकाचे राज्य फुलपाखरू आणि नीलवंत महाराष्ट्राचे. सीमाभागात दोन्ही दिसतात.

फुलपाखरू कुठे राहील हे शेवटी अळीचे खाद्य ठरवते. मध अनेक फुलांवर मिळतो. अळीला मात्र ठरलेलेच झाड लागते. बर्डविंगची मादी सापसंद ही वेल आणि तिच्या कुळातल्या वनस्पती सोडून दुसरीकडे अंडी घालत नाही. त्या पानांतले विष अळीच्या अंगात साठते आणि पक्षी तिला टाळतात. मलबार बँडेड पीकॉक या निळ्या-हिरव्या पट्ट्याच्या देखण्या फुलपाखराची अळी तिरफळाच्या पानांवर वाढते. माशाच्या आमटीत पडणारे तेच हे तिरफळ. खोडभर टोकदार काटे असलेल्या या झाडाची कोवळी पाने निरखली, तर त्यांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा बारीक ठिपका सापडतो. ती कोवळी अळी. मोठी झाली की ती हिरवी होते, आणि तिला डिवचले तर डोक्यामागून मऊ शिंगांची जोडी बाहेर काढून उग्र वास सोडते. हळदीकुंकूच्या अळीचे सगळे आयुष्य बांडगुळावर. पानाच्या मागे एकगठ्ठा अंडी, त्यांतून निघालेल्या अळ्या घोळक्याने खातात आणि धक्का लागला की रेशमी धाग्याने खाली लोंबतात. आंबा-फणसावरचे बांडगूळ शेतकरी काढून टाकतो. झाडाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, पण शिवारातले सगळे बांडगूळ गेले तर तिथून हळदीकुंकूही जाते.

ऋतुबदलाला या जातींची जुनी उत्तरे आहेत. कॉमन इव्हनिंग ब्राउनची पावसाळी पिढी पंखांवर ठळक डोळे घेऊन येते, तर उन्हाळी पिढी वाळक्या पानासारखी असते. ब्लू टायगर, क्रो या गटातली फुलपाखरे दक्षिण भारतात नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या तोंडावर घाटातून पूर्वेकडे उतरतात आणि पाऊस ओसरल्यावर परततात. वाटेत खुळखुळा या वनस्पतीवर नरांची झुंबड उडते, कारण प्रणयगंध तयार करायला लागणारी रसायने त्यांना तिथे मिळतात.

हवामान मात्र ऋतूंच्या ठरल्या चालीने बदलत नाही. स्पेनच्या गुआदारामा पर्वतात तीस वर्षांत १६ जातींची खालची सीमा सरासरी २१२ मीटर वर सरकली. युरोपातल्या स्थलांतर न करणाऱ्या ३५ जातींच्या अभ्यासात ६३ टक्के जाती विसाव्या शतकात उत्तरेकडे सरकलेल्या आढळल्या. आपल्याकडे दोनशे मीटर चढले की बहुतेक ठिकाणी डोंगरच संपतो. इथल्या ओल्या रानातल्या फुलपाखराला उष्म्यापासून पळायला वर जागा नाही. त्याचा आसरा खाली, म्हादई नदीच्या खोल दऱ्यांत आणि बारमाही ओढ्यांच्या सावलीत आहे. त्यामुळे या भागात माथ्यापेक्षा ओढ्याकाठची झाडी जपणे अधिक निकडीचे ठरते.

पावसाच्या वेळापत्रकाचाही प्रश्न आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आणि २०२३ मध्ये दुष्काळ, असे दोन्ही टोकांचे हंगाम जिल्ह्याने चार वर्षांच्या अंतराने पाहिले. नव्या अळीला कोवळी पालवी लागते. पाऊस लांबला की पालवी लांबते. सलग झोडपला तर थंड रक्ताच्या फुलपाखराला अंग तापवायला ऊन मिळत नाही, मग उडणे, जोडी जमवणे आणि अंडी घालणे सगळेच खोळंबते.

खरा घाव मात्र आज तापमानापेक्षा तोडीचा आहे. काजूच्या बागा, उसाचे वाढते क्षेत्र, रिसॉर्टसाठी साफ केलेली रानझुडपे आणि गोव्याकडच्या महामार्गाच्या रुंदीकरणात गेलेली जुनी झाडे यांमुळे ओले रान तुकड्यातुकड्यांत उरते. नीलवंतासारखे दमदार फुलपाखरू मधली मोकळी जागा ओलांडते. दाट सावलीत संथ तरंगणाऱ्या मलबार ट्री निम्फला तेच अंतर जड जाते. शोभेची फुले लावून केलेली फुलपाखरू उद्याने ही उणीव भरून काढत नाहीत. त्यांत मोठ्यांना मध मिळतो, अळीचे झाड नसते.

२०११ मध्ये जाहीर झालेले भीमगड अभयारण्य सुमारे १९० चौरस किलोमीटरचे असून पश्चिमेचे बरेच सदाहरित रान त्यात येते. बांधावरचे तिरफळ, कुंपणातली सापसंद आणि गावठाणातल्या फणसावरचे बांडगूळ त्या हद्दीबाहेर, खासगी मालकीच्या जमिनीत आहे, आणि ते ठेवायचे की तोडायचे हे जमीनमालकच ठरवतो.